बेळगावात घर बदलताय? आधी शाळा चालत जाऊन बघा

वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कुठेही खोली बघा, पण भाडं ठरवण्याआधी तिथल्या शाळेपर्यंत एकदा पायी जा. शिक्षणहक्क कायद्याच्या हिशेबात पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असावी. मात्र हे अंतर शाळेचं, माध्यमाचं नव्हे. जवळची सरकारी शाळा कन्नड असेल आणि मराठी शाळा दोन गल्ल्या पलीकडे. कुठल्या शाळेत मराठीचे कुठवर वर्ग आहेत, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. घरमालकाच्या ‘हाय की जवळच’वर जाऊ नका.

चंदगड-कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कर्नाटकात शाळा जूनच्या सुरुवातीलाच, कधी मेअखेरीस उघडतात; महाराष्ट्राच्या पंधरा जूनच्या हिशेबात राहिलात तर पोर मागे पडतं. दुसरं, मराठी माध्यमातही कन्नड शिकावंच लागतं, तेव्हा सुट्टीतच मुळाक्षरं गिरवून घ्या.

जुन्या शाळेचा दाखला लगेच मागा. तो यायला उशीर झाला तरी आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेला त्या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही.