बौद्धिक संपदेच्या नोंदणीआधी: सोलापूरच्या उत्पादकासाठी तयारीची यादी

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पूर्व भागात ज्यांचे चादरीचे, टॉवेलचे वा गणवेशाचे काम चालते, ते बौद्धिक संपदेचा, म्हणजे नाव, नक्षी, शोध यांवरील कायदेशीर हक्कांचा, विचार करू लागले की बहुधा नावापासून, म्हणजे ट्रेडमार्कपासून सुरुवात करतात. माझ्या मते हा क्रम बदलायला हवा. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार बाजारात आधीपासून चालत असलेल्या नावासाठीही अर्ज करता येतो आणि जुना वापर उलट आपल्या बाजूचा पुरावा ठरतो. नक्षीचे तसे नाही. डिझाइन कायदा, २००० नुसार अर्जाच्या तारखेपूर्वी ती नक्षी भारतात किंवा परदेशात कुठेही प्रसिद्ध झालेली असेल, तर तिची नोंदणी होत नाही आणि चुकून झालीच तरी पुढे रद्द करून घेता येते. त्यामुळे तयारीला बसताना पहिली फाईल नक्षींची करावी.

या फाईलमध्ये फक्त अजून बाजारात न गेलेल्या नक्षी घ्याव्यात. पिढ्यान्‌पिढ्या मागावर येत असलेले मोर, वेली आणि बॉर्डर यांवर कोणालाही एकट्याचा हक्क सांगता येत नाही, तेव्हा त्यांत आपण नेमके नवे काय केले हे प्रत्येक नक्षीखाली दोन ओळींत लिहून काढावे. जकार्डचा ग्राफ (मागावर नक्षी विणण्यासाठी चौकटींत काढलेला आराखडा) कोणी काढला, कोणत्या तारखेला काढला आणि पहिला नमुना कोणाकोणाला दाखवला, ही माहितीही तिथेच नोंदवावी. ठोक व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवण्याची सवय आता सगळीकडे आहे. अर्ज दाखल होईपर्यंत ती पूर्णपणे थांबवावी, कारण एका गटात गेलेला फोटो पुढे कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही. वस्त्रोद्योगासाठी कायद्याने एक सोय मुद्दाम ठेवली आहे: नोंदणी करायच्या नव्या कापड-नक्षीची पहिली आणि गोपनीय ऑर्डर स्वीकारली, तर ती प्रसिद्धी मानली जात नाही. परंतु ती ऑर्डर गोपनीय होती हे दाखवता आले पाहिजे, म्हणून नमुना देण्यापूर्वी व्यापाऱ्याकडून तसे लेखी घ्यावे.

अर्जासाठी चादरीचा किंवा टॉवेलचा स्वच्छ, सपाट फोटो काढावा आणि कोपऱ्यात विणलेले कारखान्याचे नाव त्यात येऊ देऊ नये, कारण डिझाइनच्या व्याख्येतून ट्रेडमार्क वगळलेला आहे. नैसर्गिक व्यक्ती, स्टार्टअप आणि लघु उद्योग यांना अर्जाचे शुल्क १,००० रुपये आहे आणि संरक्षण १० वर्षांचे मिळते, जे पुढे ५ वर्षांनी वाढवता येते. ‘चित्रावर कॉपीराइट आपोआप असतोच, मग वेगळी नोंदणी कशाला,’ असे अनेकदा विचारले जाते. त्याचे उत्तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १५ मध्ये आहे: जी नक्षी डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, ती औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा अधिक वस्तूंवर उमटली की तिच्यावरील कॉपीराइट संपतो. यंत्रमागावर ५० चादरी म्हणजे किती थोडे काम, हे या व्यवसायातल्या कोणाला सांगायला नको.

नावाची फाईल त्यानंतर करावी. प्रथम अर्ज कोणाच्या नावे करायचा हे ठरवावे. भागीदारी असेल तर सर्व भागीदारांची नावे आणि भागीदारी करारपत्र लागेल, आणि घरातील दोन भावांचे कारखाने एकाच नावाने चालत असतील तर मालकी कोणाची याचा लेखी निर्णय अर्जापूर्वीच व्हावा. वाटणीनंतर तो होणे फार कठीण जाते. जीएसटी क्रमांक, दुकान परवाना किंवा कंपनीची नोंदणी यांमुळे त्या नावावर ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही, हेही स्पष्ट असावे. मग ट्रेडमार्क नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या नावाचा शोध घ्यावा, आणि तो केवळ अक्षरांचा न घेता उच्चाराचाही घ्यावा. नाव तेलुगू किंवा कन्नड लिपीत असेल तर त्याचे लिप्यंतर आणि भाषांतर अर्जाबरोबर द्यावे लागते. मालाचा वर्गही आधी पक्का करावा: चादरी आणि टॉवेल वर्ग २४ मध्ये, गणवेश आणि इतर कपडे वर्ग २५ मध्ये, तर शेंगाचटणी वर्ग ३० मध्ये येते. प्रत्येक वर्गाचे शुल्क वेगळे असून ऑनलाइन अर्जासाठी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघु उद्योग यांना ते प्रत्येकी ४,५०० रुपये, तर इतरांना ९,००० रुपये आहे. लघु उद्योगाची सवलत घ्यायची तर उद्यम प्रमाणपत्र हाताशी हवे.

जुना वापर सांगायचा असेल तर त्याला प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, आणि इथेच आपल्याकडची कागदपत्रे बहुधा तोकडी पडतात. जुनी बिलबुके उघडली तर त्यांवर ‘चादर, ६० नग’ एवढेच लिहिलेले आढळते. मालाचे नाव कुठेच नसते. अशा बिलाने विक्री सिद्ध होते, नावाचा वापर सिद्ध होत नाही. म्हणून ज्या बिलांवर, चलनांवर, छापखान्याच्या लेबलांच्या पावत्यांवर किंवा जाहिरातींवर ते नाव तारखेसह दिसते, ती सर्वांत जुन्यापासून क्रमाने लावावीत आणि यापुढच्या प्रत्येक बिलावर मालाच्या वर्णनात नाव छापून घ्यावे.

लेबलचे चित्र बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेतले असेल, तर पैसे दिले म्हणून त्याचा कॉपीराइट आपला झाला असे गृहीत धरू नये. त्याच्याकडून सहीनिशी हस्तांतरण लिहून घ्यावे आणि त्यात मुदत व प्रदेश यांचा उल्लेख अवश्य करावा, कारण मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. जकार्डचे ग्राफ काढणाऱ्या बाहेरच्या कारागिराशीही असाच करार असावा.

‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापुरी टेरी टॉवेल’ यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, आहे. ही मालमत्ता कोणा एकाची नाही. ती विकता किंवा गहाण ठेवता येत नाही आणि ट्रेडमार्क म्हणून स्वतःच्या नावे नोंदवताही येत नाही. मात्र येथील पात्र उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात नाव लावता येते, आणि बाहेर विणलेला माल याच नावाने विकला जात असताना आपल्या उत्पादकांनी तसे न करणे मला खरोखर खटकते. उत्पादनाच्या जागेचा पुरावा आणि मालाचा तपशील या अर्जासाठी तयार ठेवावा.

यंत्रात किंवा प्रक्रियेत खरी नवी सुधारणा केली असेल तर पेटंटचा विचार करावा. तिथेही आधी दाखल, मग प्रदर्शन हाच नियम; तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून संपूर्ण तपशील १२ महिन्यांत देता येतो. चटणीचे प्रमाण किंवा रंगाची कृती यांसाठी पेटंटपेक्षा गोपनीयता बरी. भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नसल्याने सगळी मदार करारांवर आहे, तेव्हा कृती कोणाकोणाला माहीत आहे याची यादी करून त्या प्रत्येकाशी गोपनीयतेचा करार करावा.

शेवटी मुदतींची एक वही ठेवावी. ट्रेडमार्कच्या तपासणी अहवालाला तो मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यायचे असते. विभागाच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी झाल्यावर ४ महिने इतरांना हरकत घेता येते आणि नोंदणी दर १० वर्षांनी नूतन करावी लागते. अर्ज वकिलामार्फत केला असला तरी पत्रव्यवहारासाठी कारखान्याचा स्वतःचा ई-मेल पत्ता द्यावा आणि तो रोज उघडण्याचे काम कार्यालयातील एका ठरलेल्या माणसाकडे सोपवावे.