बोललं म्हणजे पोचलं असं नाही: ऑफिसात आणि घरी नीट बोलायचं-ऐकायचं कसं

कम्युनिकेशन स्किल म्हटलं की बरेच जण लगेच न अडखळता बोलायला, भारी शब्द वापरायला, स्टेजची भीती घालवायला शिकायला निघतात. शिकावं, हरकत काहीच नाही. पण रोज जी कामं अडकतात, जी माणसं दुखावतात ती आपल्याला छान बोलता येत नाही म्हणून नाही, तर आपण बोललो की विषय संपला असं धरून चालतो आणि समोरच्याला नक्की काय कळलंय ते बघतच नाही म्हणून. नंतर "अरे मी सांगितलं होतं ना" वरून वाद. सांगितलेलं असतं खरं, पण पोचलेलं नसतं.

यावर एक साधा आणि फार बोलका प्रयोग आहे. १९९० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी एलिझाबेथ न्यूटन यांनी काही लोकांना ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी गाणी तरी ओळखतील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं आणि ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. आपण ज्युनिअरला काम समजावतो किंवा घरच्यांना आपली अडचण सांगतो तेव्हा अगदी हेच होतं, मागचा पुढचा सगळा संदर्भ आपल्या डोक्यात असतो, त्यातली चार वाक्यं फक्त बाहेर येतात.

मग करायचं काय, तर सांगून झाल्यावर उलट ऐकून घ्यायचं. "कळलं का?" हा प्रश्न माझ्या मते पूर्ण बंद करावा, कारण त्याला सगळे "हो"च म्हणतात, न कळलेले तर आधी म्हणतात. त्याऐवजी "मी घाईत सांगितलं, काही राहिलं असेल, तू सुरुवात कशी करणार ते सांग ना एकदा" असं विचारा. यात तपासण्याची जबाबदारी आपण स्वतःवर घेतो त्यामुळे समोरच्याला परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही. आणि आपल्याला कोणी काम दिलं तर न विचारताच आपण म्हणायचं, "म्हणजे शुक्रवारपर्यंत फक्त पहिला भाग हवाय, आकडे नंतर, बरोबर ना?"

विमान वाहतुकीत हा नियमच आहे. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ धडकली आणि ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती, पण त्यातलं एक मोठं कारण म्हणजे रेडिओवरचं संदिग्ध बोलणं आणि एक "ओके" ज्याचा अर्थ पायलट आणि कंट्रोल टॉवर यांनी वेगवेगळा घेतला. त्यानंतर नियम कडक झाले, "टेकऑफ" हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, आणि मिळालेली परवानगी नुसतं ओके म्हणून सोडायची नाही, ती पूर्ण परत बोलून दाखवायची. आपल्या मीटिंगमधे जीव जात नाहीत, पण "बघतो", "करू", "लवकरच" हे तिथल्या ओकेसारखेच शब्द आहेत. बघतो म्हणजे कोण, काय, कधीपर्यंत, हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका.

आता ऐकण्याबद्दल, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त सुधारणा इथेच होते. आपण ऐकत का नाही याचं कारण उद्धटपणा नसतो बहुतेक वेळा. २००९ मधे १० वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी साधारण २०० मिलिसेकंद जातात. आणि एक साधा शब्द तोंडातून बाहेर काढायची तयारी करायला मेंदूला त्याच्या तिप्पट तरी वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर बनत असतं. हे नैसर्गिक आहे, सगळ्यांचंच होतं, हवापाण्याच्या गप्पांत चालतंही, पण कोणी मनातलं सांगत असेल किंवा तक्रार करत असेल तर याच घाईमुळे अर्धं निसटतं, आणि बहुतेक वेळा निसटतो तो शेवटचा भाग ज्यात खरी गोष्ट असते.

म्हणून एक मुद्दाम करायचा प्रकार: समोरच्याचं वाक्य संपलं की एक श्वास थांबा. सुरुवातीला फार विचित्र वाटतं, पण त्या गॅपमधे समोरचा बरेचदा अजून एक वाक्य बोलतो आणि तेच महत्त्वाचं असतं. मग उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत एकदा बोलून दाखवा, "म्हणजे काम जास्त आहे याचा त्रास कमी आणि आधी कोणी विचारलं नाही याचा जास्त, असंच ना?" चुकलं तर तो स्वतः दुरुस्त करेल, तेही चांगलंच. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मधे याला अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग असं नाव दिलं. पण पोपटासारखं त्याचंच वाक्य परत म्हणू नका, माणूस चिडतो. आणि सल्ला लगेच नको. "तुला उपाय हवाय की फक्त सांगायचंय?" एवढं विचारलं तरी घरातली निम्मी चिडचिड थांबते, हा माझा पक्का अनुभव आहे.

तक्रार करायची असेल तेव्हा सुरुवात जपून करा. जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर या संशोधकांनी १२४ नवविवाहित जोडप्यांच्या वादांची निरीक्षणं केली होती (१९९९), त्यात वादाच्या पहिल्या ३ मिनिटांवरूनच पुढे कोणाचं लग्न टिकेल याचा बराच अंदाज येत होता. तेव्हा "तू नेहमी", "तुला कधीच" ही सुरुवात नको, कारण समोरचा लगेच एखादा अपवाद शोधून दाखवतो आणि मूळ विषय बाजूलाच राहतो. काय घडलं ते सांगा, त्याचा परिणाम सांगा, मग काय हवंय ते सांगा. "तू बेजबाबदार आहेस" ऐवजी "काल रिपोर्ट सहाला आला, मला तो चारच्या मीटिंगला हवा होता, मी तिथे गप्प बसून राहिले. पुढच्या वेळी उशीर होणार असेल तर दुपारीच एक मेसेज टाकशील का?" शेवटची मागणी महत्त्वाची, ती नसेल तर समोरच्याला फक्त बोलणी खाल्ल्यासारखं वाटतं, करायचं काय ते कळतच नाही. आणि हे एकट्यात, चारचौघांत नाही. कौतुक मात्र चारचौघांत करा आणि तेही नेमकं करा, "छान काम" म्हणण्यापेक्षा "ग्राहक चिडलेला असताना तू आधी त्याचं पूर्ण ऐकून घेतलंस ते फार आवडलं".

नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणा, लांबण लावू नका. चार कारणं दिली की समोरचा चारही सोडवायला बसतो.

बॉडी लँग्वेजबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की ९३ टक्के संवाद शब्दांशिवायच होतो. हा आकडा ज्यावरून घेतला जातो ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग फक्त भावना आणि आवडनिवड याबद्दल होते, शब्द एक आणि चेहरा किंवा आवाज वेगळंच सांगतोय अशा परिस्थितीत लोक कशावर विश्वास ठेवतात एवढंच त्यात बघितलं होतं. त्यातून घ्यायचं ते इतकंच, की चेहरा आणि शब्द एकमेकांना काटत नाहीत ना ते बघा. फोनकडे बघत "हो हो ऐकतोय" म्हणालात तर समोरचा तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार.

चॅटवर तर आवाजही नसतो आणि चेहराही नसतो, त्यामुळे "ठीक आहे." एवढा मेसेज वाचणारा आपल्या त्या वेळच्या मूडप्रमाणे वाचतो. निरोप, वेळ, पत्ता असल्या गोष्टी लिहून पाठवा. नाराजी, टीका, नकार या बोलून. एकाच विषयावर दोनदा उलटसुलट मेसेज झाले आणि तरी गोंधळ आहे तर तिसरा टाइप करू नका, सरळ कॉल करा.

आणि वाद तापलाच तर? छाती धडधडायला लागली, आवाज चढला की त्या क्षणी वरचं काहीही सुचत नाही, शरीर शांत व्हायला वीसेक मिनिटं तरी लागतात. तेव्हा थांबायला हरकत नाही पण ताडकन उठून निघून जाऊ नका, "मला आत्ता नीट बोलता येणार नाही, जेवणानंतर बोलूया" असं वेळेसकट सांगा. मधल्या वेळात मनात तेच तेच भांडण घोळवत बसू नका, एक चक्कर मारून या. आणि ज्याने वेळ मागून घेतला त्यानेच विषय परत काढायचा, समोरच्याने आठवण करायची वाट न बघता.