बॅनर लावायचाय? आधी माणूस कुठं थांबतो ते बघा

बॅनर जितका मोठा तितके लोक बघतात, हे डोक्यातून काढून टाका राव. लातूरला गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात, तिथं 10 बाय 20 चा फ्लेक्स लावला तरी दोन-तीन रस्त्यांवरूनच दिसतो, बाकीच्यांना त्याची नुसती पाठ. अशा जागी आकाशकंदिलासारखा चौकोनी करा, बांबूची चौकट, चारी बाजूंनी 2 बाय 4 चे तुकडे, खर्चही कमीच.

आणि गाडीवरून जाणारा काही वाचत नसतो. थांबलेला माणूस वाचतो. म्हणून एसटी स्टँडचा बाकडा, रसवंती, पिठाची गिरणी, पाणपोई हेरून ठेवा. उन्हाळ्यात मालकाला विचारून रसवंतीच्या मांडवाला आतल्या बाजूनं कापडी पट्टी लावायची, ग्लास हातात असेपर्यंत माणूस दुसरं करणार काय, दोनदा वाचतो. यात्रेत तर उभी बैलगाडी घ्या, दोन्ही बाजूंना एकेक कापड बांधा, पोरं फोटो काढायलाच येतात.

अक्षराचा हिशोब सोपाय, 10 फुटांमागं 1 इंच. पलीकडच्या फुटपाथवरून म्हणजे 30 फुटांवरून वाचायचं असेल तर 3 इंचाच्या खाली जाऊ नका. काय, कधी, कुठं, बस. शुभेच्छुकांचे पंचवीस गोल फोटो टाकले की कार्यक्रम कुठंय तेच सापडत नाही (यावरून भांडणं होतात, मला माहितीय).

आता खरी गोष्ट, वारं. आमच्या वाचनालयाच्या पुस्तक प्रदर्शनाचा बॅनर मी मे महिन्यात चार कोपऱ्यांना सुतळी आवळून बांधला होता, संध्याकाळी वावटळ आली न् रिंगांसकट फाटून गेला. चूक माझीच. फ्लेक्स म्हणजे शीडच, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणून आता वर न् खाली कापड दुमडून शिवून घेतो आणि त्यात पाइप घालतो, वरचा पाइप पक्का बांधायचा आणि खालच्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावून मग दोरी, म्हणजे झोत आला की ते ताणतं आणि परत जागेवर येतं. जाळीचं कापड मिळालं तर अजून बरं, वारं आरपार जातं. मधी कापून भोकं पाडतात त्याचा फार उपयोग होत नाही, उलट तिथूनच फाटतं. घाटकोपरला 13 मे 2024 ला होर्डिंग पडून 17 माणसं गेली, ते अवाढव्य होतं, पण आपलीही बांबूची चौकट रस्त्यावरच्या माणसावर पडू शकते की.

परवानगी नगरपालिका नायतर ग्रामपंचायतीकडून आधीच घ्या, मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा 1995 पासून हाय, आपल्याकडं कुणी बघत नाही म्हणून लोक लावायलेत ते सोडा. लाइटच्या खांबाला बांधू नका, झाडाला खिळे तर अजिबात नको.

कार्यक्रम संपला की दुसऱ्या दिवशी उतरवा. कापड असेल तर मागून रंगवून परत वापरता येतं. फ्लेक्स कुणी फेकून देत नाही आपल्याकडं, आमचा मागचा एक सध्या सोयाबीनच्या गंजीवर पडलाय, सुलटाच टाकलाय, तारीख न् वेळ रस्त्यावरनं अजून वाचता येते.