व्यत्यय आला की जागा किती विसरतात? घरच्या घरी असं तपासा

कागदावर पाच बाय पाचची पंचवीस घरं आखा. पाच बटणं आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या. समोरच्याला न दाखवता बटणं मांडा, पाच सेकंद बघू द्या, झाका. दहा सेकंदांनी कोऱ्या चौकटीवर त्याच जागी खुणा करायला सांगा. इथवर सोपं आहे.

गोम त्या दहा सेकंदांत आहे: काही फेऱ्यांत तेव्हा नुसतं शांत बसायचं, काहींत व्यत्यय द्यायचा. सुरुवातीला मी व्यत्ययाशिवाय लगेच विचारायचो आणि व्यत्यय दिला की दहा सेकंदांनी. फरक घसघशीत यायचा, पण तो व्यत्ययाचा की वेळेचा, हे सांगताच येत नव्हतं. कित्येक संध्याकाळी वाया गेल्या. शांत बसण्याच्या फेरीतही दहा सेकंद थांबाच.

व्यत्यय म्हणून शंभरापासून तीन-तीन वजा करायला लावा, असा सल्ला सर्रास मिळतो. माझं ऐका, इथे तो नको. १९५९मध्ये पीटरसन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने उलटी मोजणी वापरली ती अक्षरांच्या आठवणीसाठी. वजाबाकी सगळं लक्षच खाते, मग जागा नेमक्या कशाने पुसल्या ते कळत नाही.

त्याऐवजी दोन साधे व्यत्यय घ्या. एका फेरीत सेकंदाला एकदा ‘दा’ म्हणायचं. दुसरीत त्याच लयीत, टेबलाखाली, न बघता, मनात धरलेल्या चौकोनाचे चार कोपरे बोटाने ओळीने टेकायचे. जागांची आठवण सहसा बोटांमुळे जास्त ढासळते. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४मध्ये हेच मांडलं होतं: शब्द आणि जागा तात्पुरत्या धरून ठेवायची सोय मनात वेगवेगळी असते.

पण माणूस मनात ‘वरचा डावा कोपरा, मधलं घर’ असं पुटपुटत असेल, तर तो जागा नाही, शब्द लक्षात ठेवतोय. म्हणून बटणं बघताना प्रत्येक फेरीत ‘दा-दा’ म्हणायला लावाच. बटणांची सरळ रेघ किंवा ओळखीचा आकारही होऊ देऊ नका. थांबताना चौकट झाकलेलीच हवी. डोळे रिकाम्या घरांवरून फिरत राहिले तर शांत फेरी शांत उरत नाही.

प्रत्येक प्रकाराच्या दहा फेऱ्या करा, क्रम मिसळून. बरोबर घरं मोजा. शेजारच्या घरात पडलेली खूण चूकच धरा, पण वेगळ्या रकान्यात लिहा. जागा पार पुसली गेली की नुसती सरकली, ते तिथेच दिसतं.