सरासरी चाल काढताना या चुका टाळा

जाताना ताशी ४० किमी, येताना ताशी ६०. सरासरी चाल किती? प्रश्न पुरता वाचून होण्याआधीच तोंडातून ५० निघून जातं. बरोबर उत्तर ४८ आहे.

अंतर दिलेलं नाही म्हणून अडू नका, सोयीचं अंतर धरा. ४० आणि ६० यांचा लसावि १२०, म्हणून एका बाजूचं अंतर १२० किमी. जायला ३ तास, यायला २. एकूण २४० किमी, ५ तास, म्हणजे ४८. गाडी ४० ने तीन तास चालली आणि ६० ने दोनच तास, त्यामुळे सरासरी ४० कडे झुकते. वेगवेगळ्या चालींनी समान अंतर कापलं असेल, तर उत्तर नेहमी त्या चालींच्या साध्या सरासरीपेक्षा कमीच येतं. ५० किंवा त्याहून जास्त आलं, की कुठेतरी घसरलात.

मग सूत्र हाती लागतं: चालींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज. इथून दुसरी चूक सुरू होते, कारण ते दिसेल तिथे वापरलं जातं. 'पहिले दोन तास ४० ने, पुढचे दोन तास ६० ने' असं असेल तर २०० किमी, ४ तास, आणि उत्तर चक्क ५०. इथे वेळ समान आहे, अंतर नाही.

तीन टप्पे आले की काही जण हेच सूत्र दोनदा लावतात. समान अंतराचे तीन टप्पे २०, ३० आणि ६० ने कापले, तर खरं उत्तर ३०. (प्रत्येक टप्पा ६० किमी धरा: ३, २ आणि १ तास.) २० आणि ३० चे आधी २४ काढून मग ६० शी जोडी लावली, तर ३४ च्या पुढे जातं. मला विचाराल तर सूत्र पाठ करूच नका. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, एवढं पुरतं.

१ तास २० मिनिटं म्हणजे १.२ तास नव्हे, ४/३ तास. ८० किमीला एवढा वेळ लागला तर चाल ६०, १.२ ने भागलं तर जवळजवळ ६७. वाटेतला थांबा प्रवासात धरायचा असेल तर तोही वेळेत मिळवा. वरच्या उदाहरणात तासभर थांबलात की ४८ चे ४० होतात. आणि प्रश्नात 'वेग' विचारलाय की 'चाल', तेही बघा. चाल एकूण अंतरावरून काढतात, वेग विस्थापनावरून, म्हणजे सुरुवात आणि शेवट यांतल्या सरळ अंतरावरून; निघालो तिथेच परत आलो तर विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य.

आता एक जुनं कोडं. चढाचा एक मैल गाडी ताशी १५ मैलांनी चढली. उताराचा एक मैल किती चालीने उतरावी, म्हणजे सरासरी ३० येईल? ४५ म्हणावंसं वाटतं. पण दोन मैल ३० ने जायला ४ मिनिटं लागतात, आणि ती चढावरच संपलेली असतात. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी हे आइन्स्टाइनला पत्रातून घातलं होतं. उतारासाठी वेळच उरत नाही हे त्यांनाही आकडेमोड केल्यावरच दिसलं.