राणी छाप रुपयावरचा रंग: मुरलेला की शिजवलेला?

"रंगीत दिसलं की घेऊन टाक, दुप्पट भावाने जाईल." टोनिंग, म्हणजे चांदीवर काळाने चढलेला रंग, असलेल्या नाण्यांबद्दल हा सल्ला कुणी दिला, तर चहा पिऊन घ्या आणि विषय बदला. तो ऐकून मी पैसे घालवलेले आहेत.

शिकायचं असेल तर ब्रिटिश काळातल्या रुपयावर शिका. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचे रुपये भरपूर मिळतात, आणि त्यांचं वजन नि कस ठरलेला आहे: 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. ते रुपये या अभ्यासात मिसळू नका.

वजन करा, चुंबक लावून पाहा, कडेवर डाग दिल्याची, म्हणजे सोनाराने कडी जोडल्याची, खूण शोधा. असे कितीतरी रुपये माळेत ओवले गेले, नंतर कडी काढून कड घासली गेली. डाग दिलेलं नाणं बाजूला ठेवा.

आता खरी अडचण: रंग काळाने मुरलेला की कुणी मुद्दाम शिजवलेला, हे ओळखणं. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिपातळ थर बसतो. पावसाच्या पाण्यावर सांडलेलं तेल जसं रंगीत दिसतं, तसाच या थरातून परतणारा प्रकाश रंगीत दिसतो. थर जाड होत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमाने बदलतात: फिकट पिवळा, सोनेरी, तांबूस-किरमिजी, जांभळा, निळा, मग फिकट आकाशी. त्याहून जाड झाला की पुन्हा पिवळा, किरमिजी, हिरवा, आणि शेवटी काळा. हा क्रम तोंडपाठ करा. कागदात किंवा पुठ्ठ्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर रंग बहुधा कडेकडून आत येतो: कडेला निळा, मध्ये किरमिजी, आत सोनेरी. पिवळ्याला खेटून एकदम गडद निळा, मधली पायरी गायब, असं दिसलं की माझा हात मागे येतो.

पण क्रमही नकली साधता येतो. गंधकाची धुरी, उकडलेली अंडी, भट्टी, सगळं करून पाहणारे लोक आहेत. म्हणून मी आधी रंग बघतच नाही, चकाकी बघतो. टाकसाळीत ठशाखाली धातू दाबला जाताना मध्यापासून कडेकडे सरकतो, आणि त्याच्या बारीक रेषा नाण्यावर राहतात. ट्यूबलाइट बंद करा, एकच पिवळा दिवा लावा, नाणं कडेने धरून हळू कलतं फिरवा. प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरला पाहिजे, आणि रंगाच्या खालून फिरला पाहिजे. रंग वर रंगवल्यासारखा स्थिर आणि खाली सगळं मेलेलं असेल, तर ते नाणं कुणीतरी आधी घासलं आहे आणि मग झाकलं आहे.

मी नेमका इथेच फसलो. एका प्रदर्शनात पांढऱ्या झगझगीत दिव्याखाली पंचम जॉर्जचा 1918 चा रुपया घेतला, मोरपिसासारखा निळा. घरी येऊन भिंगातून पाहिलं तर दाढी सपाट, झग्यावरचा हत्ती पुसट. म्हणजे नाणं बाजारात भरपूर फिरलेलं, चकाकी कधीच गेलेली. मग एवढा झळाळता निळा आला कुठून? हाताळलेली चांदी साधारण करडी होते, खोलगट भागात काळपट. शिवाय त्या निळ्यात बारीक ओरखडे गडद उठून दिसत होते, कारण घासलेल्या जागी रंग आधी धरतो. तो रुपया मी विकला नाही. नवख्यांना दाखवायला ठेवला आहे.

आणखी एक खूण: अक्षरांभोवती पाहा. मुरलेला रंग उठावाच्या आडोशाला थोडा बदलतो, अक्षराच्या कडेशी फिकट रेघ राहते. शिजवलेला रंग कित्येकदा अक्षर, मोकळी जागा, काही न बघता सरसकट वरून जातो.

शंका उरलीच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा, काचेच्या वाटीत, खिडकी उघडून, गॅसपासून लांब. सल्फाइडला तो हात लावत नाही. वर फासलेला रंग, तेल, जुन्या अल्बमचा हिरवा चिकटा मात्र निघतो. नखांचं पॉलिश काढायचं पाणी चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात.

ग्रेड, म्हणजे नाण्याची प्रत, ठरवताना रंग शेवटी. आधी उंच जागांची झीज: राणीचा गाल, कानावरचे केस, मुकुटाची कड, जॉर्जचा कान आणि तो हत्ती. तिथे चकाकी तुटून करडा ठिपका दिसला तर नाणं अनसर्क्युलेटेड, म्हणजे बाजारात न फिरलेलं, नाही, रंग इंद्रधनुष्याचा असला तरी. ठसा कमजोर पडला असेल तर तपशील पुसट दिसतो, पण चकाकी त्या जागेवरूनही अखंड जाते. काळा पडलेला रुपया "जास्त मुरलेला" म्हणून वरच्या भावात घेऊ नका. त्या थराखाली काय उरलंय हे विकणाऱ्यालाही दिसत नसतं.

आपल्याकडे खरी टोनिंग दुर्मिळ का, तर लक्ष्मीपूजन. दर दिवाळीला चिंच, राख नाहीतर पावडर लावून रुपया लख्ख होतो. आमच्या आजीच्या डब्यातले सातही रुपये आरशासारखे गुळगुळीत आहेत. पूजेचे म्हणून ते अनमोल, संग्रहात त्यांना जागा नाही. तुमच्या घरात न घासलेला एखादा सापडला तर पूजेला दुसरा ठेवा, आणि "जरा उजळून देतो" म्हणणाऱ्या सराफाच्या हाती देऊ नका.

जपणूक सोपी. मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) घ्या. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर थांबा, शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. आणि पाकिटांच्या गठ्ठ्याला रबरबँड लावू नका. रबरात गंधक असतो. माझ्या एका एडवर्डच्या गालावरून काळा पट्टा गेलाय तो त्याचाच.