कमी फवारणीची भाजी घेताना

दादरच्या बाजारात मी पानांना बारीक भोकं असलेली मेथी मुद्दाम निवडते. भाऊ जुन्नरला टोमॅटो करतो. डाग दिसला की व्यापारी भाव पाडतो, म्हणून तो बिचारा फवारतच राहतो. तेव्हा आधी आपली नजर बदला. घासाघीस नको; फवारणी कमी केली की कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर किड्यांना ओढून पकडणारे), रोजची पाहणी, मजुरी वाढते. पाकिटावर प्रमाणित सेंद्रिय मालाचं ‘जैविक भारत’ चिन्ह पाहा. भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवा, पण आत शोषलेलं औषध निघत नाही.

यवतमाळात २०१७ साली फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, म्हणून कीटकनाशकांवर बंदी मागणाऱ्यांची घाई समजते. तरी श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतं-कीटकनाशकांची आयात एकदम थांबवली, भातपीक कोसळलं, त्याच वर्षी माघार घ्यावी लागली. आमदारांना पत्र लिहाल तर अनुदान सापळ्यांना, मित्रकिडींना (पिकावरची कीड खाणाऱ्या किड्यांना) मागा.